डॉक्टरणीला मी दिलेलं उत्तर

५ नोव्हेंबर

मेलेल्यांसाठी मांडलेली आरास आज काढली. झेंडू काळा पडला होता आणि नवऱ्याच्या फोटोपुढची दारूची बाटली अर्ध्यावर आली होती. ती त्यानेच प्यायली असं मी लोकांना सांगते. माझ्या मुलाने, एवेलियोने नाही प्यायली हे नक्की, कारण त्याला आता पाण्याचा घोट घेतला तरी धाप लागते.

वही इत्सेलच्या शाळेतली, उरलेली. नात म्हणाली, "आजी, डोक्यात येईल ते यात लिहीत जा, म्हणजे आमच्या डोक्यावर ओतणार नाहीस." मी तिसरीपर्यंत शिकले. जोडाक्षरं मला अजून काटे काढल्यासारखी काढावी लागतात. पण जे बाहेर बोलले की संध्याकाळपर्यंत अख्ख्या आल्वारादो गावात पोचतं ते इथे बोलावं म्हणते.

शनिवारी माझा मुलगा धक्क्यावर पडला. जाळं ओढता ओढता गुडघ्यावर बसला आणि तसाच टोपल्यांमध्ये आडवा झाला. कासिमिरोने आणि धक्क्यावरच्या इतर कोळ्यांनी त्याला माशांच्या हातगाडीवर घातलं आणि सगळ्या बाजारातून ढकलत नेलं. बायका सुऱ्या हातात धरून बघत होत्या. मला भीती वाटायला हवी होती. मला लाज वाटली. चव्वेचाळीस वर्षांचा गडी, आणि गाडीवरून पाय लोंबताहेत. हे लिहायला नको होतं, पण तसंच आहे.

वेराक्रूस बंदरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजातली झडप सडली. लहानपणी सांधे धरून ताप यायचा त्याचं हे देणं. झडप बदलायची तर काळीज थांबवायचं, आणि तोवर रक्त नळ्यांतून बाहेर एका यंत्रात फिरवून परत आत सोडायचं.

मी म्हटलं, डॉक्टर, मी लहानपणापासून मासे कापतेय. रक्त फळीवर पडलं की मागे वळून बघेपर्यंत त्याचं दही होतं. तुमच्या नळ्यांत नाही होणार? म्हणाले, होईल, म्हणून आधी रक्त पातळ करणारं औषध देतो. आणि काम झालं की दुसरं औषध देऊन पहिल्याचा असर मारतो, नाहीतर टाके घातले तरी रक्त थांबायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे एक विष आणि एक उतारा. ते म्हणाले, तसंच समजा.

मला तो माणूस आवडला नाही. फार लवकर हो म्हणतो.

९ नोव्हेंबर

इस्पितळ म्हणतं, आधी रक्त देणारी माणसं आणा, मग तारीख. सहा माणसं.

धक्क्यावर गेले. आमच्या गावचा माणूस देवाचं नाव घेतानाही आधी एक शिवी घालतो, त्यामुळे मागायला गेले तरी मी मागितल्यासारखं बोलले नाही. म्हटलं, रांडेच्यांनो, माझ्या पोराने तुमच्या प्रत्येकाला कधी ना कधी पाण्यातून ओढून काढलंय, आता बाह्या वर करा. ते हसले. मग एकाने काल प्यायलो म्हटलं, दुसऱ्याने नवं गोंदण दाखवलं, तिसऱ्याला सुईची भीती. कासिमिरो, इत्सेलचा धर्मबाप, तेवढा लगेच उठला. बाकीच्यांच्या दारोदार फिरले. शेवटच्या दारात मी हात जोडले. या हातांनी मी आजवर फक्त मासे कापले आणि कानफटं फोडली.

घरी आले तर नेरेइदा घेवडा निवडत बसली होती. सूनबाई घेवड्याचा एकेक दाणा असा बघते की जणू त्यावर काही लिहिलंय. माझा राग तिच्यावर निघाला. म्हटलं, इत्सेलवर न थांबता तीन पोरं काढली असतीस तर आज मला लोकांच्या पाया पडावं लागलं नसतं. बापासाठी पोरं दारोदार फिरली असती. एकदाच अंड्यांची गाभोळी धरलेली बोय मासळी तू.

हे माझंच वाक्य. बाजारात आता सगळ्या बायका म्हणतात. शेजारच्या फळीवरची ओब्दुलिया तर माझ्यापेक्षा चांगलं म्हणते, नाक वर करून.

नेरेइदा उठली. घेवडा घेऊन आत गेली. तिच्या गप्प बसण्याचा मला फार राग येतो. भांडायला दोघी लागतात, हे तिला कोणी शिकवलं नाही.

१४ नोव्हेंबर

तपासणीला गेलो. मी रविवारचा झगा घातला होता, तरी बाकावरची बाई सरकून बसली. माशाचा वास कातडीत असतो, झग्यात नाही.

भूल देणारी डॉक्टरीण वेगळी असते. अरिस्मेंदी नाव, इत्सेलपेक्षा जरा मोठी दिसते, नखं आखूड. एवेलियोला खुर्चीवर बसवलं, मी शेजारच्या खुर्चीवर, नेरेइदा मागे उभी. डॉक्टरीण विचारत गेली, मी सांगत गेले. ती म्हणाली, "मावशी, त्यांना बोलू द्या." एवेलियो म्हणाला, "आई म्हणते तसंच." तो लहानपणापासून असाच. डॉक्टरकडे मी बोलायचं, त्याने जीभ दाखवायची.

मासे खाऊन अंगावर काही उठतं का, असं तिने विचारलं. मला हसू आवरेना. म्हटलं, बाई, हा आल्वारादोचा, याच्या अंगावर मासे उठतात. तीही हसली. मग म्हणाली, विचारायचं कारण आहे. तो जो उतारा देतात, प्रोटामिन, ते मुळात नर माशाच्या बीजातून निघतं, थंड पाण्यातल्या सॅमन माशाच्या. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. रक्तदाब एकदम कोसळतो, श्वास अडकतो, आणि तेव्हा छाती उघडीच असते.

नर माशाच्या पोटातली ती पांढरी मऊ पिशवी मी रोज मांजरांना टाकते. ती माझ्या पोराच्या नसेत घालणार.

इन्सुलिन घेतो का? नाही. आधी काही ऑपरेशन? नाही. "नसबंदी झालीय का?"

मी उठलेच खुर्चीवरून. म्हटलं, "बाई, माझा मुलगा अख्खा आहे. आटलीय ती ही, मागे उभी आहे ती."

डॉक्टरीण एवेलियोकडे बघत राहिली. तो पायाच्या अंगठ्याकडे. म्हणाला, "नाही झाली." तिने लिहून घेतलं.

बसमध्ये दोघं नवराबायको वेगवेगळ्या बाकांवर बसली. मी कागदातला मका खात होते, त्यांनाही विचारलं. दोघांनीही नको म्हटलं.

१८ नोव्हेंबर

उत्तरेचा वारा सुटला. अशा वाऱ्यालाच बोयांचे थवे खाडीतून बाहेर पडतात, बायकांना मान वर करायला वेळ नाही. मी गाभोळी मिठात घालतेय. एवेलियो अंगणात गोधडी पांघरून होड्या मोजतो. त्याच्याशिवाय गेलेल्या.

या दोघांचं काहीतरी चाललंय. पडद्याआड कुजबुज असते. तिचं, "सांग ना." त्याचं, "नाही म्हटलं ना." मी गेले की गप्प. आज ती मला न सांगता वेराक्रूसला जाऊन आली. विचारलं तर म्हणाली, काम होतं. कसलं काम? म्हणाली, ज्यांच्याकडे होतं ते भेटले नाहीत.

ज्यांच्याकडे! नवरा मरणाच्या दारात आणि ही लिपस्टिक लावून बंदरात माणसं भेटायला जाते. मी तिला तोंडावर सांगितलं, तुझं कोणी असेल तर निदान झडप बसेपर्यंत थांब. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता भांडेल. म्हणाली, "आई, तुम्हाला कधी कोणाची भीती वाटलीय का?" मी म्हटलं नाही. म्हणाली, "तेच."

काय तेच? ही अशी अर्धं वाक्य टाकून जाते.

२३ नोव्हेंबर

हे आजच लिहायला हवं.

एवेलियोला भरती केलं. उद्या सकाळी ऑपरेशन. आठ खाटांची पुरुषांची खोली, दुपारी भेटायची वेळ. डॉक्टरीण फेरीला आली, जायला निघाली, तशी नेरेइदा तिच्या मागे बाहेर गेली. म्हणून मीही गेले. नेरेइदा वळून म्हणाली, "आई, तुम्ही जरा आत जाता का?" म्हटलं, जे बोलायचं ते माझ्यासमोर बोल.

तिने डोळे मिटले आणि बोलली. "डॉक्टर, त्याची नसबंदी झालीय. पंधरा वर्षं झाली. कोणाला बोलू नकोस म्हणून त्याने मला इत्सेलची शपथ घातलीय. ती मी मोडतेय. मागे सांगायला आले होते, तुमची सुट्टी होती."

मी म्हटलं, खोटं. आपलं आटलेपण झाकते. मी हे अगदी मोठ्याने म्हटलं. बाकावरची माणसं वळली.

डॉक्टरणीने माझ्याशी वाद घातला नाही. आत जाऊन एवेलियोला विचारलं. त्याने दारातल्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही."

ती परत बाहेर आली. सावकाश सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. नसबंदीनंतर बीज बाहेर पडत नाही, अंगातच जिरतं, आणि काही पुरुषांचं रक्त त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. माशाचं बीज त्याच जातीचं. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. पण आधी ठाऊक असेल तर सूज दाबणारं औषध, ॲलर्जीचं औषध अगोदर देऊन ठेवता येतं, उतारा आधी थेंबभर देऊन बघता येतो, मग हळूहळू. ठाऊक नसेल तर तिला अंधारात काम करावं लागेल. "मला दोन उत्तरं मिळालीत. एकच हवं."

नेरेइदा भिंतीला टेकून खाली बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "आई, तो मरेल, पण तुमच्यासमोर हो म्हणणार नाही."

तेव्हा मला बर्फ आठवला. इत्सेल पाळण्यात होती. एवेलियो बंदरातून आला तो पाय फाकून चालत, मासे ठेवायच्या बर्फाची पिशवी मांडीत धरून दोन दिवस पडून राहिला. म्हणाला, वल्ह्याची मूठ लागली. ती गोष्ट मी बाजारात कितीदा सांगितली, चालून दाखवत. ओब्दुलियाला हसून हसून खोकला आला होता. वल्ह्याची मूठ! मी, जी माशाच्या डोळ्यात बघून तो कधी मेला ते सांगते.

आत गेले. म्हटलं, "एवेलियो, मला बर्फ आठवला."

"कुठला बर्फ?"

"मांडीतला."

तो छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांग तिला. तो म्हणाला, "आधी तू बाहेर जा."

पोटच्या पोराने मला आठ खाटांसमोर बाहेर काढलं आणि मी गेले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "माझीपण झालीय, बाई. गाव काही बुडालं नाही." मी दाराबाहेर पडले तशी डॉक्टरीण आत गेली.

बाहेर नेरेइदा उठून उभी होती, बाहीने तोंड पुसत. मी तिच्याशेजारी उभी राहिले. तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कॉफी हवी का?" ती नको म्हणाली.

२४ नोव्हेंबर

जिवंत आहे.

सकाळी नेलं ते दुपार टळल्यावर डॉक्टरीण आली. टोपीचा वळ कपाळावर होता. औषधं आधीच देऊन ठेवली होती. उताऱ्याचा पहिला थेंब गेला आणि दाब पडायला लागला. त्यांनी हात थांबवला, तयार ठेवलेलं होतं ते दिलं, वाट बघितली, मग फार हळू बाकीचं. "ठाऊक होतं म्हणून," एवढंच म्हणाली, आणि नेरेइदाचा हात हातात घेतला. माझा नाही. माझा घ्यायचं काही कारणही नव्हतं.

कासिमिरोने विचारलं, काय ठाऊक होतं? मी म्हटलं, तू तुझं रक्त दिलंस ना, गप्प बस आता.

२७ नोव्हेंबर

एवेलियोचं डोकं ठिकाणावर नाही. रक्त यंत्रातून फिरून आलं की काहींना असं होतं म्हणतात, चार दिवसांत उतरतं, झोपेची थोडी गोळी देतात. त्याला छतावर खेकडे दिसतात. नळ्या ओढतो म्हणून हाताला मऊ पट्टे बांधलेत.

एका वेळी एकालाच आत सोडतात. आज मी गेले. त्याने मला नेरेइदा समजलं. माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "दार लाव. आई येईल."

मी म्हटलं, लावलं.

"तिला सांगू नकोस. ती धक्क्यावर सांगेल. चालून दाखवेल." मग छतावरचे खेकडे मोजले. मग, "तू मेली असतीस गं. किती रक्त होतं. आणि ती म्हणते, पुढच्या वेळी मुलगा आण."

हे मी म्हटलं होतं. इत्सेलच्या वेळी. नेरेइदा पांढरीफटक पडली होती, बादल्या भरल्या होत्या, आणि मी खाटेशी उभी राहून म्हटलं होतं. मला वाटलं होतं, मी तिला हसवतेय.

तो माझं मनगट सोडेना. मी नेरेइदाच राहिले, वेळ संपेपर्यंत. आल्वारादोच्या गप्पांना तो भ्यायला असेल, पुरुषांच्या चेष्टेला, असं मी तीन दिवस स्वतःला सांगत होते. पुरुषांचं नावही नाही आलं त्याच्या तोंडी.

आणि ती पंधरा वर्षं माझ्या ताटात वाढत राहिली, माझ्या तोंडून 'गाभोळीची बोय' ऐकत. एकदा तोंड उघडलं असतं तर मी उताणी पडले असते. उघडलं नाही.

४ डिसेंबर

घरी आणलं. खेकडे गेले. तो काय बोलला ते त्याला आठवत नाही, आणि मी सांगितलं नाही. छातीत झडप टकटक करते, खोली शांत असली की ऐकू येते. नेरेइदा रक्ताच्या गोळीची वेळ सांभाळते. आता जन्मभर रक्त पातळच ठेवायचं आहे.

ती स्वयंपाकघरात होती तेव्हा मी त्याला म्हटलं, बाजारात सगळ्या तिला आटलेली म्हणतात. ते मी पेरलं. मला ते उपटायचंय. पण उपटायचं तर तुझं उघडं पडतं.

तो भात चिवडत राहिला. म्हणाला, "तू गप्प राहशील का, आई? नुसती गप्प?"

म्हटलं, माझ्या गप्प राहण्याने लोक गप्प राहणार नाहीत.

ताट सरकवून म्हणाला, "माझं नाव न घेता जमत असेल तर कर."

तोंडाने करायचं मला जमत नाही असं काही नाही, असं मला वाटायचं. तेव्हापासून विचार करतेय.

१० डिसेंबर

आज बाजारात बोयांचा ढीग होता. सगळ्या ओळीने बसलो होतो, खवले उडत होते. ओब्दुलियाने विचारलं, लिब्रादा, पोरगा कसा आहे, आणि लगेच, नाक वर करून, आता बरा झाला की बघ, एकदाच गाभोळी धरलेल्या बोयीला...

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. माझी सून आटलेली नाही. कधीच नव्हती. मी पंधरा वर्षं तिच्या नावाने खोटं बोलले."

ओळ थांबली. ओब्दुलिया म्हणाली, "मग पोरं का नाही झाली?"

मी म्हटलं, "त्यांची आजी मी झाले असते म्हणून."

मग ओब्दुलिया हसली, मग सगळ्याच. पोट धरून हसल्या, एकीच्या हातातली बोय निसटून गटारात गेली. मला त्यात सामील व्हायची सवय आहे, तोंड आपोआप तसं व्हायला लागलं होतं. मी खाली बघून पुढचा मासा घेतला. हसणं संपेपर्यंत बऱ्याच बोया साफ झाल्या.

घरी जाताना छाती हलकी वाटत होती. खोटं कशाला लिहू, जरा ताठही झाली होती. म्हटलं, एवढं तर केलं.

माझ्याआधी बातमी पोचली होती. नेरेइदा दारात उभी होती, हात पिठाचे. तिने मला आत येऊ दिलं, पाणी दिलं, मी बसेपर्यंत थांबली.

मग म्हणाली, "एवेलियोला विचारून बोललात म्हणे."

म्हटलं, हो. त्याचं नाव घेतलं नाही.

"ते कळलं." ती हाताचं पीठ खरवडत होती. "मला विचारलंत?"

चार तारखेपासून मी रोज विचार करत होते, बाजारात काय म्हणायचं, कसं म्हणायचं, कोण काय म्हणेल. ती स्वयंपाकघरात होती, चार पावलांवर. तिला विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

तसं मी तिला सांगितलं. "नाही. मनातच नाही आलं."

"हं," ती म्हणाली, आणि टॉर्टिया भाजायला आत गेली.